हायड्रोजन शुद्धीकरणाची मिश्रधातू पटले : पॅलेडियमला पर्याय शोधण्याचा इतिहास

नैसर्गिक वायू किंवा कोळसा यांवर वाफेची प्रक्रिया करून मिळविलेल्या हायड्रोजनसोबत कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड इत्यादी वायू येतात. वाहनांच्या इंधनघटात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत ०.२ भागांपेक्षा अधिक असू नये, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ही शुद्धता एकाच टप्प्यात देऊ शकणारे साधन म्हणजे धातूचे पातळ पटल होय. त्याचा इतिहास हा बहुतांशी पॅलेडियम या महाग धातूपासून सुटका करून घेण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

विल्यम हाइड वोलॅस्टन याने १८०२ मध्ये पॅलेडियम वेगळे केले व पुढील वर्षी स्वतःचे नाव गुप्त ठेवून ते लंडनमधील एका दुकानातून विक्रीस आणले. रिचर्ड चेनेविक्स याने तर हा नवा धातू नसून प्लॅटिनम व पारा यांचे मिश्रण आहे, असा दावा केला होता. या धातूचा खरा गुण मात्र १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहॅम याच्या प्रयोगांतून पुढे आला. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतो आणि तप्त अवस्थेत तो आरपार जाऊ देतो, हे त्याने दाखविले. हायड्रोजनचा रेणू पृष्ठभागावर दुभंगतो, अणू स्फटिकजालकातून विसरण पावतात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. इतर वायूंना ही वाट नाही. म्हणजे पटलाची कामे दोन : पृष्ठभागाने रेणू तोडणे आणि अंतर्भागाने अणू वाहून नेणे. पुढील सर्व प्रयत्नांचे यशापयश या दोन कामांच्या विभागणीवर अवलंबून राहिले.

शुद्ध पॅलेडियम सुमारे ३०० अंश सेल्सिअसखाली हायड्रोजनच्या सान्निध्यात आल्यास त्यात हायड्रोजनसमृद्ध दुसरी अवस्था तयार होते, जालक फुगते आणि पटलास तडे जातात. जेम्स हंटर याच्या १९५६ च्या पेटंटातील पॅलेडियम-चांदी मिश्रधातूने ही अडचण दूर केली. साधारण चौथा हिस्सा चांदी मिसळल्यावर पारगम्यताही वाढली. येथे चांदी मिसळण्यामागे प्रथम हेतू टिकाऊपणाचा होता, काटकसरीचा नव्हे. ही बाब अनेकदा नजरेआड होते. १९६० च्या दशकात युनियन कार्बाइडमध्ये मॅकिन्ले याने वजनाने ६० टक्के पॅलेडियम व ४० टक्के तांबे असलेला मिश्रधातू पुढे आणला. त्यात पॅलेडियमची बचत होती व गंधकयुक्त वायूंचा प्रतिकारही अधिक होता. परंतु घटकांचे प्रमाण थोडे ढळले तरी पारगम्यता झपाट्याने घटते.

याहून धाडसी मार्ग मॅक्राइड्स व सहकाऱ्यांच्या १९६७ च्या पेटंटात दिसतो. व्हॅनेडियम, नायोबियम व टँटालम यांच्या अंतर्भागातून हायड्रोजन पॅलेडियमपेक्षाही सुलभतेने जातो. परंतु त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसतो व रेणू तुटत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंस पॅलेडियमचा लेप द्यावा लागला. तापमान ४०० अंशांपलीकडे गेले की लेप व मूळ धातू परस्परांत मिसळू लागतात. शिवाय अधिक हायड्रोजन शोषल्याने धातू ठिसूळ होतो.

जपानमधील हारा व सहकाऱ्यांनी २००० मध्ये निकेल-झिर्कोनियमच्या अस्फटिकी पटलातून मौल्यवान धातूशिवाय हायड्रोजन वेगळा करून दाखविला. मात्र असे पटल उच्च तापमानात स्फटिकरूप घेऊ लागते. २००४ मध्ये आओकी यांच्या गटाने नायोबियम-टायटॅनियम-निकेल मिश्रधातूत नायोबियमबहुल भागाकडे वहनाचे व भोवतालच्या मिश्रणाकडे ठिसूळपणा रोखण्याचे काम सोपविले. ही विभागणी कल्पक होती, तरी पृष्ठभागावर पॅलेडियम राहिलेच.

दरम्यान सच्छिद्र सिरॅमिक वा पोलादावर काही मायक्रोमीटर जाडीचा पॅलेडियमचा थर देण्याचे तंत्र विकसित झाले. जाडी निम्मी केल्यास धातू निम्मा लागतो आणि प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे समान प्रवाहासाठी धातूचा खर्च सुमारे चतुर्थांशावर येतो. त्यामुळे 'स्वस्त' मिश्रधातूंना पॅलेडियमच्या भावाशी नव्हे, तर त्याच्या पातळ थराशी स्पर्धा करावी लागली. वाहनांच्या धूरशुद्धीकरणासाठी मागणी वाढून पॅलेडियमचा भाव २००१ च्या आरंभी औंसाला १,००० डॉलरवर आणि मार्च २०२२ मध्ये ३,००० डॉलरवर गेला, तेव्हा पर्यायांविषयीची आस्था साहजिकच वाढली. भाव उतरतात, तेव्हा पटलाचे आयुष्य हाच निकष उरतो. आणि नायोबियम-व्हॅनेडियमच्या पटलांची कसोटी तेथेच लागते.