आपल्या गावची जुनी माणसे

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघणार असे ठरले, तेव्हा कोणी पाककृती लिहून दिल्या, कोणी कविता दिल्या. मला सांगण्यात आले की, तुम्ही गावच्या इतिहासावर काही लिहा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळेतल्या पुस्तकात इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या एवढेच होते. कशेळ्याचे नाव त्यात कुठेच नव्हते. मग लिहायचे काय? पुष्कळ विचार केल्यावर वाटले की, ज्यांनी आपल्या या मुलखात साठसत्तर पावसाळे काढले, त्या जुन्या माणसांचे आयुष्य हाच आपला इतिहास. तो जमेल तसा लिहीत आहे. गोड मानून घ्यावा.

आपले गाव कर्जत-मुरबाड रस्त्यावर आहे हे आपणा सर्वांस ठाऊकच आहे. इथूनच एक वाट आंबिवलीकडे, म्हणजे पेठच्या कोथळीगडाकडे जाते, आणि एक खांडसकडे. खांडसहून पुढे शिडीघाटाने किंवा गणेशघाटाने चढून भीमाशंकरला जाता येते. मोटारी आल्या नव्हत्या तेव्हा महाशिवरात्रीला लोक चालतच जात. कनवटीला चार आणे, पदरात भाकरी आणि मुखी देवाचे नाव. आमच्या आजेसासूबाई सांगत, की वाटेत कोणी अडला तर त्याला ओटीवर झोपू द्यायचे आणि सकाळी पेज पाजून वाटेला लावायचे, ही रीतच होती. तुमची जात कोणती आणि गाव कोणते हे मागाहून विचारायचे.

या मुलखात कुणबी, मराठा, आगरी, ठाकूर, कातकरी अशी सर्व मंडळी पिढ्यान्पिढ्या राहत आली. मुख्य पीक भाताचे. कर्जतचे भात संशोधन केंद्र 1919 साली निघाले, म्हणजे त्याला शंभराच्या वर वर्षे झाली. तिथे काढलेले ‘कर्जत 184’ हे वाण आपल्यापैकी पुष्कळ घरांनी लावले आहे. पण संशोधन होण्याच्या कितीतरी आधीपासून बी राखण्याचे काम घरातली बाईच करीत होती. चांगल्या लोंब्या निवडायच्या, उन्हे द्यायची, राख लावून कणगीत ठेवायचे आणि घरात कितीही उपासमार झाली तरी त्या बियाण्याला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या पावसावर पेरायचे, मग डोक्यावर इरले घेऊन दिवसभर ओणवे राहून लावणी करायची. घरी आल्यावर पुन्हा उखळ-मुसळ आणि जाते वाट पाहतच असे. गिरणी आली तेव्हा जुन्या बायका म्हणत, हे यंत्र नव्हे, ही तर माहेरची माणसे आली!

इतके कष्ट करूनही भात पुरत नसे. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागे. मग खावटी काढावी लागे. आजच्या मुलींना हा शब्द ऐकूनही माहीत नसेल. खावटी म्हणजे खाण्यासाठी उसने काढलेले धान्य. ते पावसाळ्यात घ्यायचे आणि दिवाळीच्या सुमारास नव्या भातातून फेडायचे. फेडायचे ते मात्र दिढीने, कुठे कुठे दुपटीने. पाच मण घेतले तर चार महिन्यांनी साडेसात मण द्यायचे. खळ्यावरूनच भात सावकाराच्या घरी जाई, म्हणून पुढच्या आषाढात कणगी पुन्हा रिकामी. असा हा रहाट एकदा गळ्यात पडला की बापाचा मुलाच्या गळ्यात येई. कातकरी बांधवांची स्थिती तर याहून बिकट. जमीन नाही, म्हणून रानात काताच्या आणि कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरी. पावसाळ्यात भट्ट्या बंद, की मजुरीही बंद.

हा रहाट तोडण्याचा पहिला मोठा खटाटोप माथेरानच्या एका तरुणाने केला. त्यांचे नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. त्यांना सारे भाई म्हणत. 1 डिसेंबर 1912 रोजी जन्मलेले, नाभिक समाजातले, वकिली शिकलेले. मनात आणते तर मुंबईत सुखाने राहते. पण त्यांनी खेड्यापाड्यांतून शाळा काढल्या आणि गरिबांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या. कोठीतून पावसाळ्यात धान्य न्यायचे, सुगीला परत भरायचे, सावकाराच्या दारी जायचे नाही, इतकी साधी ही युक्ती. पुढे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपल्या कशेळ्याच्या अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांतून धान्यबँका चालवल्या, त्यांचे मूळही याच विचारात दिसते.

1942 चे ‘चले जाव’ आंदोलन सुरू झाल्यावर भाईंनी आझाद दस्ता उभारला. टाटांच्या वीजकेंद्रांतून मुंबईच्या कारखान्यांना वीज जाई. ती बंद पाडण्यासाठी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात दस्त्याने विजेचे अकरा मनोरे पाडले. पोलीस मागावर लागले. दस्ता रानोमाळ हिंडू लागला आणि शेवटी सिद्धगडाच्या रानात त्यांना गाठण्यात आले. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे झालेल्या गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील हे दोघे हुतात्मे झाले. भाईंचे वय अवघे तीस वर्षांचे. आजही दरवर्षी त्या दिवशी लोक सिद्धगडावर जमून त्यांना मानवंदना देतात.

ही हकीकत पुस्तकांत आहे, तिच्यावर चित्रपटही निघाला आहे. परंतु भगिनींनो, मला नेहमी एक प्रश्न पडतो. इतके महिने जे तरुण रानात राहिले, ते जेवले काय? त्यांना भाकरी कोणी भाजून दिली? जंगलात झाडावर भाकरी लागत नाही. कोणाच्या तरी चुलीवर मध्यरात्री तवा चढला असणार, कोणी तरी घरातले चार मूठ पीठ काढले असणार आणि उजाडायच्या आत चूल सारवून टाकली असणार. पोलिसांना कळते तर त्या घराची काय गत झाली असती? त्या बायांचे नाव कोणत्याही खांबावर कोरलेले नाही. त्यांनी ते कोणाला सांगितलेही नाही. त्यांच्या लेखी ते देशकार्य नव्हते, दाराशी आलेल्या भुकेल्याला घास देणे होते.

जुन्या माणसांनी पाहिलेला दुसरा मोठा फेरफार म्हणजे पेज नदीचा. 1922 साली भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. घाटावर मावळात ठोकरवाडीच्या धरणात अडवलेले आंध्रा नदीचे पाणी नळांतून खाली येते, त्यावर वीज होते आणि ते पाणी पेज नदीत सोडले जाते. त्यामुळे इतर ओढे-नाले शिमग्यानंतर आटतात, तरी पेज वाहती राहते. तिच्या आणि राजनाल्याच्या पाण्यावर तालुक्यातल्या पुष्कळ गावांत उन्हाळी भात पिकू लागला. नदीचे नाव पेज आणि गरिबाच्या ताटातही पेज, दोन्हींनी या मुलखाला जगवले. मात्र ज्या डोंगरवाड्यांच्या अंगावरून विजेच्या तारा मुंबईस गेल्या, तिथे दिवा पेटायला पुढे कित्येक वर्षे लागली. रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास केलेली माणसे आजही आपल्या शेजारी आहेत. त्यांना विचारून पाहावे.

आजारपणाचे तर विचारूच नका. बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून. भात कापताना विंचू चावला तर मांत्रिकाकडे धाव. तरणीताठी माणसे रात्रीत जात. आपल्याच जिल्ह्यातले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीने विंचूदंशाचा रोगी वाचतो हे दाखवून दिले. त्याच्या आधी आपल्या भागात असे घर क्वचितच असेल, जिथे विंचवाचे किंवा सर्पाचे दुःख शिरले नाही. आज गावात ग्रामीण रुग्णालय आहे. ज्या सुईणींनी हे नसताना आपले आईबाप जगात आणले, त्यांचे ऋण कोणत्या वहीत मांडणार?

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतली एक फार वयस्क बाई वारली. साऱ्या गावात ती सुईण म्हणून ओळखली जाई. दहाव्याला तिचे माहेरचे नाव विचारले गेले, तर मुलांना सांगता येईना. लग्नात तिचे नाव बदलले होते, पुढे ती अमक्याची आई झाली, मग अमक्याची आजी. वाड्यांतून चौकशी केली, तेव्हा तिच्याहून म्हाताऱ्या एका ठाकूर बाईने ते नाव सांगितले. दोघी लहानपणी एकत्र गुरे राखीत. ती म्हणाली, “नाव काय इचारता बाय, मी तिला त्याच नावानं हाक मारायची ना!” ही बाईही त्याच सालात गेली. म्हणजे सहा महिने उशीर झाला असता, तर ते नाव या पृथ्वीवरून नाहीसे झाले असते.

ही एकट्या आपल्या गावची गोष्ट नाही. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक 1951-52 साली झाली, तेव्हा मतदारयादीतून जवळजवळ 28 लाख बायकांची नावे वगळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न देता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी असेच लिहवले होते. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी कसणाऱ्याला मालक ठरवले, तेव्हाही चिखलात ओणवी राहणारी बाई आणि सातबारावर नाव बहुतेक पुरुषाचे, असेच झाले. आता काळ पालटत आहे. 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव व मग वडिलांचे नाव लावावे, असा आपल्या राज्य सरकारने निर्णय केला. चांगली गोष्ट झाली. पण आधीच्या आयांचे काय? त्यांची नोंद सरकार करणार नाही, ती आपणच केली पाहिजे.

कोणी म्हणेल, जुनी नावे लिहून का कोणाचे पोट भरते? तर तेही सांगते. 2006 साली वनहक्क कायदा झाला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जो आदिवासी रानातली जमीन कसतो, त्याला तिचा हक्क मिळावा असे त्यात आहे. त्यासाठी पुरावे लागतात. कागद गरिबाकडे कुठून असणार? म्हणून नियमांत असे लिहिले आहे की, दावा करणारा सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले लेखी उतरवून घेतले, तर तोही पुरावा धरता येतो. म्हणजे म्हातारीचे बोल कायद्यानेही मोलाचे मानले. पण ते लिहून घेतले तर!

आज आपल्या भागात जमिनी भराभर विकल्या जात आहेत आणि शहरातल्या लोकांची शेतघरे उभी राहत आहेत. विकणाऱ्याची अडचण असते, त्याला दोष देता येत नाही. पण पूर्वी प्रत्येक शेताला नाव होते. वडाचे शेत, म्हसोबाचे शेत, झऱ्याखालचे शेत. कुंपण पडले की उरतो तो गट नंबर. झरा कुठे होता, गुरांची वाट कुठून होती, कोणत्या माळावर शेवळी उगवत, हे फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात राहते. शेवळीची भाजी काकडांशिवाय केली तर घसा खाजतो हेसुद्धा त्यांनीच आपल्याला शिकवले.

आणि माणूस कधी जाईल याचा भरवसा नाही. आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 जणांचे देह सापडले, 57 जण सापडलेच नाहीत. पिढ्यान्पिढ्या डोंगरावर नांदलेली ठाकूरवाडी एका रात्रीत संपली. त्या वाडीतल्या आज्यांना जी गाणी, ज्या औषधी, ज्या वाटा ठाऊक होत्या, त्या त्यांच्याबरोबरच मातीखाली गेल्या.

म्हणून मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. येत्या वर्षात आपण एक जाडशी वही घालावी. प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या आळीतल्या किंवा जवळच्या वाडीतल्या एका वृद्ध बाईकडे जावे. तिला विचारावे: बाय, तुझे माहेरचे नाव काय? लग्न होऊन आलीस तेव्हा इथे काय होते, काय नव्हते? खावटी कोणाकडून काढत होता? पाणी कुठून आणत होता? तुझ्या हातून कोणकोण जन्माला आले? ती जसे बोलेल तसे तिच्याच बोलीत उतरवावे, शुद्धलेखनाची भीती बाळगू नये. तिला चालत असेल तर खाली तिचा अंगठा घ्यावा. आपल्या मुलींच्या हाती मोबाइल आहेत, त्यांत आवाजही धरून ठेवता येतो. तेवढे काम त्या आनंदाने करतील. कातकरवाडी आणि ठाकूरवाडी यांतून सुटता कामा नये, कारण सर्वांत जुनी माणसे तीच.

यास पैसा लागत नाही. एक वही, एक पेन आणि दुपारचे दोन तास पुरतात. हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. या संक्रांतीला तिळगुळाबरोबर एकेका आजीचे नाव वहीत घालू या. पुढच्या स्मरणिकेत निदान वीस तरी नावे, माहेरच्या नावांसह, छापून यावीत एवढी इच्छा आहे. पहिले पान मी माझ्या सासूबाईंचे लिहून आणले आहे. पुढचे पान कोण लिहिते ते सांगावे.