औद्योगिक-संघटनात्मक मानसशास्त्र

औद्योगिक-संघटनात्मक मानसशास्त्र : कामाच्या ठिकाणी माणूस कसा वागतो, तसा का वागतो आणि त्याच्यावर कामाचा, सहकाऱ्यांचा व व्यवस्थापनाचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणारी व त्या अभ्यासाचा प्रत्यक्षात उपयोग करणारी मानसशास्त्राची शाखा. कारखाने, बँका, रुग्णालये, लष्कर, रेल्वे, सरकारी कचेऱ्या, सॉफ्टवेअर कंपन्या अशी माणसे एकत्र काम करतात ती सर्व ठिकाणे तिच्या कक्षेत येतात.

शाखेच्या जोडनावाप्रमाणे तिच्या दोन बाजू आहेत. औद्योगिक बाजूत कामाचे विश्लेषण, उमेदवारांची निवड, प्रशिक्षण आणि कामगिरीचे मूल्यमापन हे विषय येतात. संघटनात्मक बाजूत प्रेरणा, कार्यसमाधान, नेतृत्व, गटांचे व्यवहार, ताण आणि संघटनेतील बदल यांचा विचार होतो. कामासाठी योग्य माणूस शोधायचा की माणसाला झेपेल, पटेल असे काम रचायचे, हा या शाखेतला जुना प्रश्न आहे. तिच्या इतिहासात कधी एका पारड्याला तर कधी दुसऱ्याला वजन आले.

उगम

जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंटचा शिष्य आणि हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक ह्यूगो म्युन्स्टरबर्ग (१८६३–१९१६) याला या शाखेच्या संस्थापकांत गणतात. मानसशास्त्र आणि औद्योगिक कार्यक्षमता यांवरचा त्याचा ग्रंथ १९१३ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात बॉस्टनच्या विजेवरच्या ट्रामचालकांसाठी केलेली चाचणी आहे. तिच्या पट्टीवर ट्रामचे रूळ दाखवणाऱ्या दोन रेघा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या चौकटींत आकडे होते. १ म्हणजे पादचारी, २ म्हणजे घोडा, ३ म्हणजे मोटारगाडी. काळा आकडा रुळांना समांतर जाणारा, तर लाल आकडा रूळ ओलांडायला निघालेला. उमेदवाराने दांडा फिरवून पट्टी पुढे सरकवायची आणि टक्कर कुठे होऊ शकते त्या जागा पटापट सांगायच्या. लागलेला वेळ आणि सुटलेल्या जागा यांवरून त्याची पारख होई. प्रत्यक्ष ट्राम न चालवता ट्रामचालकाला लागणारे अवधान मोजण्याचा हा प्रयत्न होता.

टेलिफोन ऑपरेटर मुलींसाठीही म्युन्स्टरबर्गने चाचण्या घेतल्या. कंपनीने त्याला न सांगता नव्या उमेदवारांत काही मुरलेल्या ऑपरेटर बसवल्या होत्या आणि त्या चाचणीत वरच्या क्रमांकावर आल्या. चाचणीतले गुण आणि कामातली कामगिरी यांचा मेळ बसतो का, हे पाहण्याची रीत पुढे या शाखेचा कणा ठरली.

त्याच सुमारास अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ मांडले (१९११). प्रत्येक कामाचे तुकडे पाडायचे, घड्याळ लावून ते मोजायचे आणि एक ‘सर्वोत्तम पद्धत’ ठरवून द्यायची, असा त्याचा आग्रह होता. लिलियन गिलब्रेथ (१८७८–१९७२) आणि तिचा पती फ्रँक यांनी हालचालींचा अभ्यास पुढे नेला. थकवा, विश्रांती आणि कामगाराचे मन यांचाही हिशेब धरला पाहिजे, ही बाजू मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या लिलियनने लावून धरली.

महायुद्धे आणि हॉथॉर्न

पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सुमारे १७ लाख लोकांची सामूहिक बुद्धिचाचणी घेतली. वाचता येणाऱ्यांसाठी ‘अल्फा’ आणि निरक्षर किंवा इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी ‘बीटा’ अशा दोन चाचण्या होत्या. वॉल्टर डिल स्कॉट आणि वॉल्टर बिंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी सैनिकांना त्यांच्या कौशल्यानुसार कामे वाटण्याची यंत्रणा उभी केली. युद्ध संपल्यावर ही मंडळी उद्योगांकडे वळली. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स याच्या पुढाकाराने १९२१ साली औद्योगिक मानसशास्त्राची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या अभ्यासांनी शाखेची दिशा बदलली. सुरुवात झाली ती प्रकाश वाढवल्यास उत्पादन वाढते का, या साध्या प्रश्नापासून. उत्तर काही सरळ मिळेना. नंतर टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच कामगार स्त्रियांना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास आणि मोबदल्याची पद्धत बदलून पाहिली. बदलांच्या बऱ्याच काळात उत्पादन चढतेच राहिले. टेलिफोन यंत्रणेतील तारा जोडणाऱ्या १४ पुरुषांच्या गटात (१९३१–३२) मात्र वेगळे चित्र दिसले. जास्त काम करणे म्हणजे पुढे सर्वांचा दर उतरवून घेणे, अशी त्यांची समजूत होती. म्हणून दिवसाचे काम किती करायचे हे त्यांनी आपसात ठरवले होते. जो फार पुढे जाई त्याला टोमणे मिळत, प्रसंगी दंडावर ठोसाही बसे.

एल्टन मेयो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यातून ‘मानवी संबंधां’चा विचार मांडला : कामगार एकटा नसतो, तो गटाचा असतो, आणि आपल्याकडे लक्ष दिले जाते या जाणिवेचाही कामावर परिणाम होतो. पुढील संशोधकांनी या निष्कर्षांवर कडक टीका केली. पाच जणींपैकी दोघी मध्येच बदलल्या होत्या, मोबदल्याची पद्धतही बदलली होती. त्यामुळे उत्पादनवाढीचे श्रेय आपुलकीला द्यायचे की पैशाला, हे ठरवता येत नाही. तरीही गटाचे अलिखित नियम हा विषय तेव्हापासून या शाखेत कायमचा दाखल झाला.

दुसऱ्या महायुद्धात, कामासाठी माणूस की माणसासाठी काम, या जुन्या प्रश्नाची दुसरी बाजू ठळक झाली. ‘बी-१७’ बॉम्बफेकी विमाने उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटण्याऐवजी चुकून चाकेच वर घेत आणि विमान पोटावर बसे. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की दोन्ही कळा शेजारी असून दिसायला सारख्याच होत्या. चाकांच्या कळेला चाकासारखी आणि फ्लॅपच्या कळेला पाचरीसारखी मूठ बसवताच घोळ थांबला. वैमानिक बदलावे लागले नाहीत. यातून पुढे मानवी घटक अभियांत्रिकी ही शाखा विकसित झाली.

युद्धोत्तर वाटचाल

लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या एरिक ट्रिस्ट आणि केनेथ बॅमफर्थ यांनी १९५१ साली कोळसा खाणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या यंत्रपद्धतीने खाणकामगारांच्या एकोप्याने चालणाऱ्या जुन्या टोळ्या मोडल्या आणि गैरहजेरी, तणाव व परस्परांवर दोष ढकलणे वाढले, असे त्यांना दिसले. तंत्र आणि समाज यांची रचना एकत्रच करावी लागते, हा ‘सामाजिक-तांत्रिक’ विचार यातून निघाला. याच संस्थेचा ए. के. राइस १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिल्समध्ये आला. स्वयंचलित मागांच्या शेडमध्ये २२४ माग होते. विणकर, मागाच्या बॅटरीत कांड्या भरणारे, तेलवाले, जॉबर असे कामगार आपापल्या तुकड्यापुरते काम पाहत, संपूर्ण मागाची जबाबदारी कोणाचीच नसे. ठरावीक मागांसाठी एक छोटा गट जबाबदार धरायचा, अशी फेररचना कामगारांशी बोलून झाली. घडी बसल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. मात्र ही पद्धत पुढे सगळीकडे टिकली नाही.

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने निवडचाचण्यांचे स्वरूप बदलले. ड्यूक पॉवर कंपनीविरुद्धच्या ग्रिग्ज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली निकाल दिला की एखाद्या अटीमुळे कृष्णवर्णीय उमेदवार मोठ्या प्रमाणावर गाळले जात असतील, तर ती अट कामाशी निगडित असल्याचे मालकाने दाखवले पाहिजे. तेव्हापासून चाचणीच्या वैधतेचा पुरावा हा कायद्याचाही विषय झाला. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या चौदाव्या विभागाच्या नावात ‘संघटनात्मक’ हा शब्द १९७३ साली आला.

अभ्यासपद्धती

कामाची पहिली पायरी कार्यविश्लेषण ही असते. एखाद्या पदावर माणूस नेमके काय करतो, त्याला कोणते ज्ञान, कौशल्य व क्षमता लागतात, हे निरीक्षण, मुलाखती आणि प्रश्नावल्यांतून नोंदवले जाते. त्यावरून चाचणी रचली जाते. मग दोन कसोट्या लागतात. विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजले तरी साधारण तेच गुण येणे. वैधता म्हणजे त्या गुणांवरून कामातील यशाचा अंदाज बांधता येणे. वैधता सहसंबंध गुणांकाने सांगतात. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे अचूक अंदाज.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन सामान्य बौद्धिक क्षमतेच्या चाचण्यांना ०.५१ इतका गुणांक दिला होता. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली त्या गणनेतील दुरुस्त्या जास्तीच्या असल्याचे दाखवले. त्यांच्या हिशेबाने तो ०.३१ वर आला आणि संरचित मुलाखत ०.४२ सह अव्वल ठरली. संरचित मुलाखतीत सर्व उमेदवारांना कार्यविश्लेषणातून काढलेले तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात आणि उत्तरांना आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देतात. ‘तुमच्याविषयी सांगा’ म्हणून सुरू होणाऱ्या आणि गप्पांच्या ओघात जाणाऱ्या मुलाखतीपेक्षा तिचा अंदाज अधिक खरा ठरतो, हा या शाखेतील बराच पक्का निष्कर्ष आहे. कचेऱ्यांत मात्र तो अजून पुरता रुजलेला नाही.

संघटनात्मक बाजूच्या सिद्धांतांपैकी एडविन लॉक व गॅरी लेथम यांचा ध्येयनिश्चितीचा आणि रिचर्ड हॅकमन व ग्रेग ओल्डहॅम यांचा कार्यवैशिष्ट्यांचा सिद्धांत विशेष वापरात आहेत. पहिल्यानुसार ‘जमेल तेवढे करा’ यापेक्षा अवघड पण नेमके ध्येय माणसाकडून अधिक काम करवून घेते. दुसऱ्यानुसार कामातील वैविध्य, ते अखेरपर्यंत करण्याची संधी, त्याचे महत्त्व, स्वायत्तता आणि परिणामांची माहिती यांमुळे कामातूनच प्रेरणा मिळते.

भारतातील स्थिती

कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली सुरू झालेल्या मानसशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता हे हार्वर्डला म्युन्स्टरबर्गच्याच हाताखाली शिकले होते. उद्योगांत मात्र माणूस निवडण्याची रीत फार वेगळी होती. मुंबईच्या गिरण्यांत कामगार घेणे, बदलीवर ठेवणे आणि काढणे जॉबरच्या (मुकादमाच्या) हाती असे; नाते, गाव, जात आणि दस्तुरी यांवर काम मिळे. १९३१ च्या शाही श्रम आयोगाने या पद्धतीवर बोट ठेवून भरतीसाठी श्रम अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १९३६ साली मुंबईत स्थापन झालेल्या, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतून कामगार कल्याण व कर्मचारी व्यवस्थापन यांचे प्रशिक्षित मनुष्यबळ पुढे आले.

लष्करी अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी १९४३ साली डेहराडूनला मानसशास्त्रीय पद्धतीचे निवड मंडळ सुरू झाले. आजच्या सेवा निवड मंडळात (एसएसबी) चित्रांवरून कथा लिहिणे, एकापाठोपाठ दाखवलेल्या ६० शब्दांवर वाक्ये लिहिणे, मैदानावरची गटकार्ये आणि मुलाखत असे टप्पे असतात. दिल्लीची संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था या कामाला शास्त्रीय आधार पुरवते. रेल्वेत सहायक लोको पायलट होण्यासाठी अभिक्षमता चाचणी द्यावी लागते. तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ टी-गुण (प्रमाणित गुण) हवेत आणि कोणत्याही प्रवर्गाला त्यात सवलत नाही. एका भागातील कमतरता दुसऱ्यातील जादा गुणांनी भरून निघत नाही.

अहमदाबादच्या ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत कमला चौधरी यांनी मानवी संबंध विभाग सांभाळला. उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी १९७४–७५ मध्ये मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीसाठी मानव संसाधन विकासाची एकसंध व्यवस्था आखली. अशी स्वतंत्र व्यवस्था भारतात प्रथमच उभी राहत होती. जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० साली मांडले की भारतीय संदर्भात आधी माया लावणारा, पण ती चोख कामाशी बांधणारा वरिष्ठ परिणामकारक ठरतो. कर्मचारी तयार झाला की अशा वरिष्ठाने सहभागी पद्धतीकडे वळावे, असा त्यांच्या मांडणीचा पुढचा भाग आहे.

व्यवसाय

या क्षेत्रात येण्यासाठी मानसशास्त्राची पदवी आणि औद्योगिक-संघटनात्मक विशेषीकरणासह पदव्युत्तर पदवी ही नेहमीची वाट आहे. संशोधन व अध्यापनासाठी डॉक्टरेट लागते. पुण्या-मुंबईतही हे विशेषीकरण पदव्युत्तर पातळीवर घेता येते. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. या शाखेसाठी तसा स्वतंत्र परवाना नाही. त्यामुळे दर्जाची जबाबदारी बरीचशी व्यक्तीवर व नेमणाऱ्या संस्थेवर पडते.

एचआर अधिकारी आणि या शाखेचा मानसशास्त्रज्ञ यांची कामे एकमेकांत मिसळतात, पण एक नाहीत. हजेरी, पगार, कायदेशीर पूर्तता आणि नेमणुका हा एचआरचा दैनंदिन व्याप. मानसशास्त्रज्ञ चाचण्या रचतो, त्यांची वैधता तपासतो, कर्मचारी सर्वेक्षणांचे विश्लेषण करतो, बढतीसाठी मूल्यांकन केंद्रे चालवतो आणि दिलेल्या प्रशिक्षणाचा कामावर खरोखर परिणाम झाला का, हे मोजतो. तो कंपनीत, सल्लागार संस्थेत, सरकारी निवड यंत्रणेत किंवा विद्यापीठात काम करतो.

टीका आणि आजचे प्रश्न

इतिहासकार लोरेन बॅरिट्झ याने १९६० च्या आपल्या ग्रंथात उद्योगांतील समाजशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञांना ‘सत्तेचे सेवक’ म्हटले. त्यांची फी व्यवस्थापन देते, म्हणून त्यांचे प्रश्नही व्यवस्थापनाचेच असतात, हा त्याचा आक्षेप होता. तो आजही पुसला गेलेला नाही. ‘गुप्त’ म्हणून भरून घेतलेल्या सर्वेक्षणातील उत्तरे कोणाच्या टेबलावर जातात, चाचणीचा अहवाल उमेदवाराला पाहता येतो का, हे व्यावसायिक नीतीचे रोजचे प्रश्न आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ला रोग न मानता नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटले, म्हणजे उपाय माणसाच्या समुपदेशनापुरता न ठेवता कामाच्या रचनेतही शोधावा लागतो.

आता अर्ज चाळणे, व्हिडिओ मुलाखतींना गुण देणे आणि डिलिव्हरी करणाऱ्यांना पाळ्या वाटणे ही कामे संगणकीय प्रणाली करू लागल्या आहेत. जुन्या भरतीतील पूर्वग्रह विदेत असतील तर प्रणाली तेच गिरवते. ॲपवर काम करणाऱ्याला तर अनेकदा दाद मागायला मुकादमही समोर नसतो. अशा साधनांनाही या शाखेची जुनी कसोटी लागू पडते : ते कामाशी संबंधित तेच मोजते याचा पुरावा काय, आणि तो पुरावा ज्याची निवड होणार त्यालाही तपासता येतो का.