लहानपणी लागलेला ‘एलडी’चा शिक्का मोठेपणी तपासून घेता येतो का?

महाराष्ट्र सरकारने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जास्तीचा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित असं त्यांचं स्वरूप होतं. त्या सवलती घेऊन दहावी झालेली सुरुवातीची मुलं आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. कुणी नोकरीत आहे, कुणी धंद्यात. त्यांच्यापैकी काहींना आता प्रश्न पडतो, की आपल्याला खरंच ‘एलडी’ होती का?

प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. सातवीचं गणित घेऊन दहावी झालेल्या मुलासाठी विज्ञान शाखेचं दार तिथेच बंद व्हायचं. निदान बरोबर असेल तर त्या सवलतीने एक वर्ष आणि बराच आत्मविश्वास वाचवला. चुकीचं असेल, तर एका कागदाने आयुष्याची दिशा बदलली.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

भारतात आणि अमेरिकेत ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण. डिस्लेक्सिया त्यातलाच. हा शब्द १९६३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क यांच्यामुळे रूढ झाला. ब्रिटनमध्ये मात्र याच शब्दाचा अर्थ बौद्धिक दिव्यांगत्व असा होतो. म्हणून जुना रिपोर्ट हातात आला की आधी बघायचं ते नेमकं काय लिहिलंय. घरात वर्षानुवर्षं ‘हा जरा मंद आहे’ असं बोललं गेलं असेल आणि कागदावर डिस्लेक्सिया असेल, तर चूक निदानाची नाही, घरच्यांच्या समजुतीची आहे. हे जितकं वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं.

निदान कुठे चुकू शकतं?

सगळ्यात मोठी जागा भाषेची. डिस्लेक्सियासाठी रक्ताची तपासणी नसते. चाचणी असते, आणि चाचणी कुठल्यातरी भाषेत घ्यावी लागते. घरी मराठी किंवा कोकणी, शाळा इंग्रजी माध्यमाची आणि चाचणीही इंग्रजीत, अशा मुलाच्या चुका अक्षमतेमुळे की इंग्रजी कानावरच न पडल्यामुळे, हे सांगणं अवघड असतं. अमेरिकेत यावरून खटलाच झाला होता. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंद मुलांच्या वर्गात बसवलं गेलं. स्पॅनिशमधून पुन्हा तपासल्यावर त्यातली बहुतेक मुलं त्या वर्गातली नव्हतीच, असं दिसलं. १९७० च्या त्या तडजोडीनंतर मुलाच्या घरच्या भाषेत चाचणी घेणं तिथे बंधनकारक झालं. आपल्याकडे हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी मुलांसाठी ‘डाली’ नावाचा चाचणीसंच मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केला, पण तो आला २०१५ मध्ये. १९९८ साली तिसरीत असलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग?

लिपीचाही संबंध आहे. देवनागरी बऱ्यापैकी जसं लिहिलं तसं वाचता येते. इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘बट’ यांच्या स्पेलिंगमध्ये फरक फक्त पहिल्या अक्षराचा, पण उच्चार पूर्ण वेगळे. त्यामुळे मराठीत डिस्लेक्सिया बहुधा संथ वाचनातून, जोडाक्षरांतल्या अडखळण्यातून, वेलांट्या-उकारांच्या चुकांतून दिसतो. जो माणूस लहानपणी मराठी गोष्टींची पुस्तकं सहज वाचत होता आणि फक्त इंग्रजीत अडत होता, त्याने शंका घ्यायला जागा आहे. मात्र तेवढ्यावर निकाल लावता येत नाही, कारण सौम्य अडचण मराठीत झाकली जाते आणि इंग्रजीत उघडी पडते.

दुसरी जागा निकषांची. जुनी पद्धत अशी होती, की बुद्ध्यांक आणि वाचनाची पातळी यांत मोठी तफावत असेल तरच अध्ययन अक्षमता. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ च्या आपल्या निदान-पुस्तिकेतून ही तफावतीची अट काढून टाकली. म्हणजे एकाच मुलाला दोन वेगळ्या दशकांत दोन वेगळे निष्कर्ष मिळू शकले असते. त्यात कुठल्याही चाचणीत चार-पाच गुण इकडे-तिकडे होतातच. रेषेच्या अगदी जवळ असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

उरलेली कारणं झटपट: न सापडलेला चष्म्याचा नंबर, कमी ऐकू येणं, सतत बदललेल्या शाळा, आणि एडीएचडी. शेवटचं कारण डिस्लेक्सियासोबतही असू शकतं, म्हणून एक सापडलं की दुसरं खोटं ठरत नाही.

‘आता तर मी छान वाचतो’

याचा अर्थ निदान चुकलं होतं असा नाही. डिस्लेक्सिया जात नाही, माणूस वाट काढायला शिकतो. मोठेपणी वाचन अचूक होतं पण वेग कमी राहतो. मेल दोनदा वाचावा लागतो, फॉर्म भरताना घाम फुटतो, सबटायटल निसटतात. आपली तुलना मित्रांच्या यशाशी न करता वाचायला लागणाऱ्या वेळेशी करावी. ‘नोकरी लागली, म्हणजे काही नव्हतंच’ हा नातेवाईकांचा आवडता निष्कर्ष आहे, पण त्याला आधार नाही.

जुना रिपोर्ट, शाळेच्या वह्या, प्रगतिपुस्तकातले शिक्षकांचे शेरे आणि आई-वडिलांच्या आठवणी यांची इथे खरी किंमत असते. त्याच निदान-पुस्तिकेनुसार १७ वर्षांपुढच्या व्यक्तीच्या बाबतीत अडचणींचा नोंद असलेला इतिहास प्रमाणित चाचणीच्या जागी धरता येतो. शिवाय आपल्याकडची बहुतेक साधनं शाळकरी मुलांसाठी बनलेली आहेत. चाळिशीच्या माणसाला पाचवीचा उतारा वाचायला देऊन ‘काही नाही तुम्हाला’ म्हणणारी तपासणी फार काही सांगत नाही.

फेरतपासणीसाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठावा. प्रौढांची तपासणी करता का, कुठल्या भाषेत, आणि एडीएचडी व चिंतेचा विचारही करणार का, हे फोनवरच विचारून घ्यावं. तीनही उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरीकडे जावं.

कागदाचं काय?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच. ती आली २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, २१ प्रकारांपैकी एक म्हणून. त्यामुळे त्याआधीचा शाळेसाठीचा दाखला परीक्षेपुरता होता आणि आज त्यावर दिव्यांगांसाठीचं आरक्षण मिळत नाही. नव्या कायद्याखाली शासकीय वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व. २०१८ च्या केंद्रीय सूचनांनुसार मुलाचा दाखला १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासायचा असायचा, १८ नंतरचा आयुष्यभर चालायचा. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाआधी ‘स्वावलंबन’ पोर्टल पाहावं.

तपासणीत अध्ययन अक्षमता नाही असं निघालं, तर शाळेत घेतलेल्या सवलतींचं काय, ही भीती अनेकांना असते. कायद्यातलं ९१ वं कलम शिक्षा सांगतं ती फसवणूक करून लाभ घेणाऱ्याला. तज्ज्ञांनी तपासून दिलेला दाखला आई-वडिलांनी विश्वासाने शाळेत जमा केला असेल, तर ती फसवणूक ठरत नाही. हातात चालू दिव्यांग प्रमाणपत्र असेल आणि त्यावर नोकरी किंवा प्रवेश घेतलेला असेल, तर मात्र फेरतपासणीआधी एखाद्या वकिलाशी बोलून घेतलेलं बरं.