बेळगावचे महापौर : मान मोठा, मुदत लहान

आपल्या निपाणीला नगराध्यक्ष असतो. महापौर पाहायचा तर बेळगावला जावे लागते. तरीही त्या खुर्चीचा इतिहास आपलाही आहे. सीमाभागातील मराठी माणसाने आपले म्हणणे ठरावाच्या रूपाने मांडले, ते बहुतेक वेळा तिथूनच.

‘महापौर’ हा शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीची देणगी. पद मात्र इंग्रजी वळणाचे. 1882 साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला; 1888 च्या कायद्याने मुंबईत कारभाराची सूत्रे सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे ठेवली. मुंबईच्या अध्यक्षाला 1931 मध्ये ‘मेयर’ म्हणू लागले, पहिले बोमन-बेहराम. पुण्याला 1950 मध्ये महापालिका मिळाली आणि बाबूराव सणस पहिले महापौर झाले. नाव बदलले, मान वाढला. चाव्या आयुक्ताकडेच राहिल्या.

बेळगावची नगरपालिका 1984 मध्ये महापालिका झाली. सभागृहात दीर्घकाळ मराठी नगरसेवकांचे बळ होते. नव्वदच्या दशकात सिद्धनगौडा पाटील यांच्या रूपाने पहिले कन्नड भाषिक महापौर झाले. शहर दोन्ही भाषा बोलते, तेव्हा त्यात वावगे काही नाही. वाद होता तो 1 नोव्हेंबर 1956 पासूनचा. महाजन आयोगाने 1967 मध्ये निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव कर्नाटकाला असा निवाडा सुचवला. पैकी निपाणीही मिळाली नाही. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर 2005 मध्ये, बेळगावच्या सभागृहाने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. महापौर होते विजय मोरे. नोव्हेंबरमध्ये ते बंगळूरला गेले असता कन्नड कार्यकर्त्यांनी त्यांच्या तोंडाला काळे फासले. त्याच महिन्यात राज्य सरकारने सभागृह बरखास्त केले. पुढे 1 नोव्हेंबर 2011 रोजी महापौर मंदा बाळेकुंद्री आणि उपमहापौर रेणू किल्लेकर काळ्या दिनात सहभागी झाल्या. डिसेंबरात पुन्हा बरखास्ती आली.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. महापालिकेचे काम पाणी, गटारे, दिवे. राज्यांच्या सीमा आखणे तिच्या अखत्यारीत नाही, हे खरेच. पण ठराव म्हणजे निव्वळ मत. त्याने नकाशावरची एक रेघही हलत नाही. आमच्या होमिओपॅथीत विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी बजावतात, की पुरळ मलम लावून दाबले म्हणजे रोग गेला असे नव्हे. बरखास्तीने ठराव दबला, भावना राहिली. आणि शिक्षा झाली ती मतदाराला : प्रशासक आला की आपल्या वॉर्डातल्या नळासाठी भांडायला हक्काचा माणूस उरत नाही.

बरखास्तीवाचूनही हे घडते. मार्च 2013 मध्ये निवडणूक झाली, महापौर मिळाला 2014 मध्ये. सप्टेंबर 2021 ची निवडणूक प्रथमच पक्षचिन्हांवर झाली. 58 पैकी 35 जागा भाजपने जिंकल्या, एकीकरण समिती मागे पडली. तरी शोभा सोमनाचे महापौर झाल्या त्या फेब्रुवारी 2023 मध्ये. म्हणजे सतरा महिने लोकांनी निवडलेले नगरसेवक होते आणि सभागृहाला प्रमुख नव्हता. या वेळी कारण भाषेचे म्हणता येत नाही.

महापौर मिळाला तरी कर्नाटकात त्याची मुदत एक वर्ष, महाराष्ट्रात अडीच. आरक्षणाचे चक्र फिरते ठेवल्याने अनेक समाजांना मान मिळतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु वर्षातले पहिले महिने सत्कारात आणि शेवटचे पुढच्या निवडीच्या जुळवाजुळवीत जातात. अर्थसंकल्प एक मांडतो, खर्चाचा जाब दुसऱ्याला विचारावा लागतो.

आपण मराठी कुटुंबांनी आजवर एकच प्रश्न विचारला : महापौर कोणाचा? तो प्रश्न अभिमानाचा आहे आणि मी तो सोडा म्हणणार नाही. त्याच्या जोडीला आणखी दोन विचारले पाहिजेत : निकालानंतर किती दिवसांत महापौर बसला, आणि त्याच्या हाती काय होते? हे दोन प्रश्न कन्नड शेजाऱ्यालाही तितकेच लागू आहेत. ते त्याच्यासोबत विचारता येतील, आणि आपल्या नगरपालिकेच्या दारातही.