९ एमएम, पॉइंट ३२ की पॉइंट ४५? पिस्तूल ‘पॉवरफुल’ असतं म्हणजे काय

मी चाकण एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. सेकंड शिफ्टच्या चहाला आमच्याकडे दोनच विषय निघतात, गाड्या आणि गेम. गेम खेळणाऱ्या पोरांचा ठरलेला प्रश्न असतो, "दादा, सगळ्यात पॉवरफुल पिस्तूल डेझर्ट ईगलच ना?" एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी शब्द नीट घेऊ. बातमीत "एक गावठी पिस्तूल, दोन जिवंत काडतुसं जप्त" असं असतं. काडतूस म्हणजे पूर्ण वस्तू: पितळी पुंगळी, आत दारू, मागे प्रायमर आणि पुढे बसवलेली गोळी. उडते ती फक्त गोळी. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. त्याच झटक्यात वरची स्लाइड मागे जाऊन रिकामी पुंगळी फेकते आणि परत येताना मॅगझीनमधलं पुढचं काडतूस भरते. पुढच्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो.

म्हणजे ताकद काडतुसात असते. पिस्तूल ती सांभाळतं, एवढंच.

आकडे बघा. नळीची लांबी आणि काडतुसाच्या प्रकाराप्रमाणे ते बदलतात, पण अंदाज येईल. पॉइंट ३२ ची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, ऊर्जा १७५ ज्यूलच्या आसपास. ९ एमएमची साडेसात ग्रॅम, ४७० ज्यूल. पॉइंट ४५ ची गोळी दुप्पट जड, जवळपास १५ ग्रॅम, पण सावकाश जाते, त्यामुळे ऊर्जा पुन्हा ४८० च्या घरात. आणि डेझर्ट ईगलचं पॉइंट ५० काडतूस थेट २,००० ज्यूलच्या आसपास.

आता दाब. आपण कारच्या टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरतो. रिक्षाच्या सीएनजी टाकीत २०० बार, म्हणजे सुमारे २,९०० पीएसआय. ९ एमएम काडतुसासाठी अमेरिकेतल्या ‘सामी’ या मानक संस्थेची कमाल मर्यादा आहे ३५,००० पीएसआय. सीएनजी टाकीच्या बारापट! तोही नळीच्या मागच्या टोकाला, तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. पॉइंट ३२ ला हीच मर्यादा २०,५०० आहे. म्हणून पॉइंट ३२ मध्ये स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यावर भागतं. याला ब्लोबॅक म्हणतात. ९ एमएमच्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकून थोडं अंतर एकत्र मागे सरकतात, गोळी बाहेर पडून दाब उतरला की मगच सुटतात. डेझर्ट ईगलला तर रायफलीसारखी गॅसवर चालणारी रचना लागते. म्हणूनच ते जवळपास दोन किलोचं धूड आहे. गेममध्ये हे वजन हाताला लागत नाही.

मग ज्यांना खरंच निवड करायची असते ते काय घेतात? १९८६ मध्ये मायामीत झालेल्या चकमकीत अमेरिकेच्या एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. दोष ९ एमएमवर गेला. त्यांनी जास्त ताकदीचं १० एमएम घेतलं, पण त्याचा झटका अनेकांना झेपेना. मग १९९० मध्ये आलेलं पॉइंट ४० घेतलं. शेवटी २०१० च्या दशकात स्वारी पुन्हा ९ एमएमवर! तोपर्यंत गोळ्यांची रचना सुधारली होती, झटका कमी, नेम चांगला आणि मॅगझीनमध्ये गोळ्या जास्त.

आपल्या शेजारीही हेच ९ एमएम. लोकलने पुण्याकडे जाताना दापोडीनंतर खडकी लागतं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा, आज म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे. पाषाणच्या एआरडीई या प्रयोगशाळेने लष्करासोबत बनवलेलं आणि २०२१ मध्ये जाहीर झालेलं ‘अस्मी’ही ९ एमएमच. ते मात्र मशीन पिस्तूल आहे. त्याच्या ट्रिगरचे काही भाग मेटल थ्रीडी प्रिंटिंगने बनवले होते, हे वाचून आमच्या टूलरूममधले लोक खूश झाले होते.

सामान्य नागरिकाला मात्र निवड फारशी नसतेच. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे लष्करी ९ एमएम काडतूस चालणारं पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये येतं. म्हणून परवानाधारकांकडे बहुतेक पॉइंट ३२ दिसतं. त्यातही गोची आहे. पॉइंट ३२ पिस्तुलाचं काडतूस वेगळं आणि पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हरचं वेगळं, लांब. नाव सारखं म्हणून एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

आणि गावठी कट्टा? आमच्याकडे ब्रेकच्या साध्या पार्टलाही मटेरियल सर्टिफिकेट आणि हीट ट्रीटमेंटचा रिपोर्ट लागतो. कट्ट्याचं स्टील कुठलं, नळी तपासली का, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यात ३५,००० पीएसआय. नळी फुटली तर पहिली बोटं जातात ती चालवणाऱ्याची.

कायद्याचं गणितही सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना पिस्तुलाला किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद. प्रतिबंधित शस्त्र असेल तर ७ ते १४ वर्षं. खिशात नुसतं काडतूस सापडलं तरी गुन्हा. "माझं नाही, मित्राने ठेवायला दिलं होतं" हे कामी येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका ट्रेनी पोराने दुसऱ्याचं पिस्तूल हातात घेऊन स्टेटस टाकलं. तिसऱ्या दिवशी पोलीस कंपनीच्या गेटवर. आज तो जामिनावर आहे, आणि जिथे अर्ज करतो तिथे पोलीस व्हेरिफिकेशनला अडकतो. ते पिस्तूल कोणत्या बोअरचं होतं, हे त्याला आरोपपत्र वाचून कळलं.

आवड खरी असेल तर वेगळी बाजू बघा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात पॉइंट २२ चालतं, वरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा कमी ताकदीचं. कारण तिथे झटका जितका कमी तितकं बरं. सुरुवात १० मीटर एअर पिस्तूलने होते. साडेचार एमएमची, २० ज्यूलच्या आतली एअरगन असेल तर परवाना लागत नाही. रेंज लांब नाही, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात आहे.