खुर्ची आणि कातडी : राल्फ बंच

१९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. माल्कम एक्स, मार्टिन ल्यूथर किंग ही नावं आपल्या बैठकांतून फिरतात. राल्फ बंचचं नाव कुणी काढत नाही. कारण हा सूटबुटातला माणूस. मुत्सद्दी. आयुष्यभर नोकरीत. चळवळ अशा माणसाकडे संशयानं बघते. बघावंच. पण आधी त्याचा हिशोब तरी मांडू.

जन्म १९०४, डेट्रॉइट. बाप न्हावी. ज्या दुकानात काम करायचा तिथं गिऱ्हाईक फक्त गोरं. आजी गुलामगिरीत जन्मलेली. आईबापाचं छत्र लहानपणीच गेलं, तेव्हा या आजीनंच पोराला लॉस एंजेलिसला वाढवलं. पोरानं पेपर विकले, कॉलेजात झाडलोट केली आणि १९२७ ला पहिल्या नंबरानं पदवी घेतली. पुढं हार्वर्ड. तिथं जायला पैसा नव्हता, तर गावातल्या काळ्या लोकांनी हजार डॉलर वर्गणी जमवून दिली. मित्रांनो, ही वर्गणी ध्यानात ठेवा. १९३४ ला तो डॉक्टर झाला. राज्यशास्त्रात अमेरिकन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारा पहिला काळा माणूस.

१९३६ ला नॅशनल निग्रो काँग्रेस उभी राहिली. ती उभारणाऱ्यांत बंच होता. पुढं मतभेद होऊन तो बाहेर पडला. याच संघटनेनं १९४६ ला काळ्यांची गाऱ्हाणी युनोपुढं मांडली. ते वाचून बाबासाहेबांनी डु बॉईस यांना पत्र लिहिलं, त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही युनोत नेता येईल का, हा विचार त्यामागं होता. म्हणजे हा इतिहास वाटतो तेवढा परका नाही. आणि त्याच साली बंच स्वतः युनोच्या नोकरीत शिरला, वसाहतींचा कारभार बघणाऱ्या खात्यात.

१९४८ ला पॅलेस्टाईनमध्ये युद्ध पेटलं. युनोचा मध्यस्थ काउंट बर्नाडोट याला झायनिस्ट अतिरेक्यांनी जेरुसलेमच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या. त्याचं काम बंचच्या गळ्यात पडलं. ऱ्होड्स बेटावर त्यानं वाटाघाटी सुरू केल्या. आधी दोन्ही बाजूंशी वेगळं वेगळं बोलायचं, मग समोरासमोर बसवायचं, एकेक कलम लिहून घ्यायचं. फेब्रुवारी ते जुलै १९४९ मध्ये इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांचे इस्रायलशी चार करार झाले. तोफा थांबल्या. बेघर झालेले लाखो पॅलेस्टिनी मात्र घरी परतले नाहीत. युद्धबंदी म्हणजे न्याय नव्हे, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

१९५० चं शांततेचं नोबेल बंचला मिळालं. नोबेल मिळवणारा तो पहिला काळा माणूस. गोऱ्या अमेरिकेनं लगेच त्याला मिरवलं : बघा, आमच्याकडे भेदभाव कुठाय?

भेदभाव कुठं होता ते बंचला ठाऊक होतं. १९४९ लाच राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्याला परराष्ट्र खात्यात मोठं पद देऊ केलं होतं. त्यानं नाकारलं. कारण त्या पदापायी वॉशिंग्टनला राहावं लागणार, आणि त्या राजधानीत काळ्यांची पोरं वेगळ्या शाळेत, घरं वेगळ्या वस्तीत. १९५९ ला न्यूयॉर्कच्या एका बड्या टेनिस क्लबानं त्याला आणि त्याच्या पोराला प्रवेश नाकारला. बोभाटा झाला, क्लबानं माफी मागितली, या म्हणाले. बंच गेला नाही. बंचसाठी दार उघडलं, बाकीच्या काळ्यांचं काय?

बडोद्याला १९१७ ला बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती. कोलंबियाचं शिक्षण कामी आलं नाही. तिथं जात, इथं कातडी.

काळ्यांतल्याच काही जहाल मंडळींनी बंचला गोऱ्यांचा हुजऱ्या म्हटलं. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. युनोच्या नोकरीत त्याला बरंच गप्प बसावं लागलं. पण १९६५ ला अलाबामात मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा निघाला, तेव्हा साठीचा, डायबेटिसनं पोखरलेला हा माणूस किंगसोबत पुढच्या रांगेत चालला. युनोच्या वरच्या खुर्चीतून उठून आला होता. १९७१ ला तो गेला.

१९५६ ला आग्र्याला बाबासाहेब म्हणाले, शिकलेल्यांनी मला दगा दिला. आपल्या साहेब झालेल्या माणसांना तेव्हापासून आपण शिव्याच देतोय. बंचचा हिशोब बघून मला वाटतं, शिव्यांपेक्षा दोन प्रश्न विचारावेत. तुमच्या नावावर ज्यांनी वर्गणी काढली त्यांची याद आहे का? आणि तुम्ही वर चढलात म्हणून जात संपली असं कुणी म्हणालं, तर भर सभेत उठून 'खोटं आहे' म्हणाल का?

म्हणेल तो आपला. खुर्ची कितीही उंच असो.