हमालाचा मालक कोण?

पनवेलजवळ कळंबोलीच्या लोखंड बाजारात गोदामांसमोर ट्रक उभे असतात. सळया, पत्रे, अँगल, चॅनेल यांची चढ-उतार सुरू असते. माल उतरवणारी टोळी व्यापाऱ्याच्या पगारपत्रकावर नसते. तरीही तिच्या मजुरीचे दर ठरलेले असतात, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, बोनस मिळतो. हे कसे घडले, याचा शोध मुंबईच्या जुन्या बाजारांपर्यंत नेतो.

कारण हा बाजार मूळचा पनवेलचा नव्हेच. लोखंडाच्या पेढ्या कर्नाक बंदर, दारुखाना या भागांत होत्या. मुंबई बेटावरील गर्दी कमी करण्यासाठी घाऊक बाजार खाडीपलीकडे हलवण्याचे धोरण आले आणि सिडकोच्या कळंबोलीत लोखंडाला जागा मिळाली.

जुन्या पेढीचा संसार लहान असे : मालक, मुनीम, एखाददुसरा नोकर. माल आला की मुकादमाला निरोप जाई आणि तो टोळी आणी. तीच टोळी दिवसभरात चार-पाच पेढ्यांवर राबे. मजुरी मुकादमाच्या हाती पडे. त्याच्या कपातीनंतर उरेल ते हमालाचे. लोखंडाखाली पाय चिरडला तर? व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही. मुकादम म्हणे, मी तर नुसती माणसे आणून दिली.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता. पण त्याचा सारा डोलारा मालक-नोकर या नात्यावर उभा. इथे ते नातेच कुणी कबूल करीत नव्हते. करार करायचा तर कोणाशी? एका पेढीवर काम बंद केले, तर दुसरी टोळी बोलावणे व्यापाऱ्याला सहज शक्य होते. व्यापाऱ्याची बाजूही अगदीच पोकळ नव्हती : आठवड्यातून दोनदा ट्रक येणाऱ्या छोट्या पेढीने दहा हमाल कायम पोसावेत कसे?

पुण्यात १९५५ मध्ये बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली होती. मुंबईत हे काम अण्णासाहेब पाटील यांनी हाती घेतले. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे हे त्यांचे गाव. त्यांनी स्वतः हमाली केलेली. डोक्यावरून, म्हणजे माथ्यावरून ओझे वाहणारा तो माथाडी. एकेका पेढीशी भांडण्याऐवजी सबंध बाजाराला वाटाघाटीस बसवणे, हे त्यांच्या संघटनेचे मर्म होते.

याला एक नमुना जवळच होता. गोदी कामगारांचा प्रश्न असाच होता : जहाज आले तर काम, नाही तर उपास. ब्रिटनने १९४७ मध्ये राष्ट्रीय गोदी कामगार योजना आणली, भारताने १९४८ मध्ये गोदी कामगारांसाठी कायदा केला. बाजारातील हमालांसाठी मात्र १९६९ उजाडावे लागले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम अस्तित्वात आला.

या कायद्याचे खरे बळ त्याच्या व्याख्यांत आहे. कंत्राटदारामार्फत कामगार लावला असला, तरी मालक म्हणजे तो लावणारा मूळ मालकच. मुकादमाच्या आड उभे राहण्याची सोय एका वाक्यात संपली. दुसरी युक्ती मंडळाची. त्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान. सरकारचे एक-तृतीयांशाहून अधिक नाहीत. लोखंड-पोलादासाठी १९७० ची स्वतंत्र योजना आली. व्यापारी मंडळाकडे नोंदला जातो, कामगारही. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरी कामगाराला देते आणि लेव्हीतून निधी, रजा, बोनस यांची तजवीज करते. दहा हमाल पोसण्याचा भार अशा रीतीने साऱ्या बाजारात वाटला गेला.

दरवाढीच्या वाटाघाटी आता व्यापाऱ्यांची संघटना आणि कामगारांची युनियन यांच्यात होतात. त्या गोड नसतात. माल क्रेनने उचलला तर मजुरी कशाची, असे व्यापारी विचारतो. क्रेनला साखळी कोण लावतो, असे टोळी विचारते. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या बनावट संघटनांची तक्रारही खोटी नाही आणि तिचा सर्वाधिक तोटा खऱ्या माथाडीलाच होतो.

शिवाय वाद आहे वाराईचा, म्हणजे ट्रकमधील माल चढवण्या-उतरवण्याच्या पैशांचा. अनेक ठिकाणी ते ट्रकवाल्याकडून वसूल केले जात. वाहतूकदारांनी त्याविरुद्ध घोषणा दिली : ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’. अण्णासाहेबांच्या पिढीने व्यापाऱ्याला घातलेला सवाल या वेळी ट्रकवाल्यांच्या तोंडून आला.